भर उन्हाळ्यात घरात अडकलेला कुत्रा: दुपार कशी काढायची, पायरीपायरीने

मे महिन्यातली दुपार. बाहेर ४५ अंश, पडदे ओढलेले, आणि घरातला कुत्रा सोफ्याचा कोपरा कुरतडतोय. अशा वेळी बहुतेक घरांत एकच उपाय होतो. चेंडू बाहेर निघतो आणि हॉलमध्ये फेकाफेकी सुरू होते. "दमला की झोपेल" हा त्यामागचा हिशोब. पंधरा मिनिटांनी कुत्रा धापा टाकत असतो, फरशीवर पाय घसरत असतात, आणि झोप येण्याऐवजी तो आणखी चेकाळलेला असतो.

मी नागपुरात राहते, सगळ्यात वरच्या मजल्यावर. घरात नऊ वर्षांचा लॅब्रेडॉर मोती आणि चार वर्षांची गावठी चिंगी आहे. ओळखीपाळखीत ज्यांच्याकडे कुत्रं आहे त्यांचे फोन दर उन्हाळ्यात येतात आणि चूक जवळजवळ नेहमी तीच निघते. खेळ चांगले असतात, पण क्रम चुकलेला असतो. आधी गारवा, मग नाकाचं काम, मग चाटणं-चावणं आणि शेवटी झोप, असा क्रम हवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. त्यामुळे गरम खोलीत पळवलेला कुत्रा तापतो. हुंगायला, शोधायला लावलेला कुत्रा मात्र फारसा न तापता थकतो.

## पायरी १: आदल्या रात्रीची तयारी

ही पायरी टाळली की दुपारी एक वाजता धावाधाव होते. रात्री दहा मिनिटं काढा.

पाणी साठवा. वरच्या टाकीतलं पाणी दुपारी नळाला कढत येतं. पहाटे किंवा रात्री दोन बादल्या भरून बाथरूममध्ये झाकून ठेवा. एक अंग पुसायला आणि खेळायला, दुसरी आणीबाणीसाठी. दुसरीला दुपारभर कोणी हात लावायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

दिवसभराचं खाणं मोजून एका डब्यात काढा. उद्याच्या खेळांतलं सगळं खाणं याच डब्यातून जाईल. खेळासाठी वेगळा खाऊ आणि वर रोजचं जेवण असं चाललं तर जूनपर्यंत कुत्रा गोल होतो, आणि जाड कुत्र्याला उन्हाचा त्रास जास्त होतो. वेगळा खाऊ दिलाच, तर तो दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको.

गोठवायचं ते गोठवायला ठेवा. काय आणि कसं, ते पायरी ५ मध्ये आहे.

खेळाचं सामान एका टोपलीत जमवा. दोन जुने टॉवेल, एक-दोन पुठ्ठ्याची खोकी (पिना आणि चिकटपट्टी काढून), अंड्यांचा कागदी ट्रे, जुनं इडलीपात्र, चार-पाच टेनिसचे चेंडू, एखादं पोकळ रबरी खेळणं. ही टोपली कुत्र्याच्या नजरेआड ठेवा. दिवसभर समोर पडलेल्या खेळण्यातली गंमत दोन दिवसांत संपते.

## पायरी २: खोली निवडा आणि गार करा

सगळं घर गार करायच्या मागे लागू नका. एक खोली निवडा. वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे पश्चिमेची खोली सोडून द्या. उत्तरेची किंवा पूर्वेची घ्या. उन्हाच्या बाजूचे पडदे सकाळी आठच्या आत ओढून घ्या. तापलेली खोली नंतर झाकून फारसा उपयोग होत नाही.

विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण एक खिडकी उघडी ठेवली तरच. दमट झालेल्या हवेला बाहेर जायला वाट मिळाली नाही तर खोलीची वाफाळ पेटी होते. मुंबई, कोकण, गोव्यात कूलरच्या नादी लागूच नका. तिथली हवा आधीच दमट असते. त्या हवेत कूलरचं पाणी नीट उडत नाही आणि कुत्र्याच्या जिभेवरची ओलही उडत नाही. म्हणूनच ३४ अंशांच्या मुंबईतही कुत्र्याला लू लागल्यासारखा त्रास होऊ शकतो. तिथे एसी लावा. एसी नसेल तर ओलं अंग आणि त्यावर पंख्याचा झोत, हा उपाय करा. नुसता पंखा आपल्या घामाला वारा देतो. कोरड्या केसांच्या कुत्र्याला त्याचा तेवढा फायदा होत नाही.

फरशी गुळगुळीत असेल तर खेळायच्या जागी सतरंजी किंवा गोणपाट अंथरा. टाइल्सवर घसरून म्हाताऱ्या कुत्र्यांचे खुबे आणि गुडघे दुखावतात, पिल्लांचेही. मात्र खोलीतली एक बाजू उघडी ठेवा. पोट टेकवून पडायला गार शहाबादी फरशीसारखी जागा नाही.

पाण्याची भांडी किमान दोन, वेगवेगळ्या ठिकाणी. मातीचं पसरट भांडं मिळालं तर पाणी आपोआप गार राहतं. साधारण हिशोब वजनाच्या दर किलोला दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाण्याचा. म्हणजे २५ किलोच्या कुत्र्याला सव्वा ते दीड लिटर, आणि उन्हाळ्यात याहून जास्तच.

सावधान: लोखंडी कूलरला टेकून झोपायची आणि त्याचं गळणारं पाणी चाटायची कुत्र्यांना सवय असते. कूलरच्या शॉकने माणसंही दगावतात. हंगाम सुरू होतानाच अर्थिंग तपासून घ्या, वायर कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशी बांधा, आणि कूलरसमोर खुर्च्या आडव्या लावून हातभर अंतर पक्कं करा.

तपासा: खोलीत वीस मिनिटं शांत बसल्यावरही कुत्रा तोंड उघडं टाकून जोरात धापत असेल, तर खोली अजून गार झालेली नाही. खेळ सुरू करू नका.

### लक्षणं ओळखा, खेळाआधीच

हे शेवटी ठेवलं तर वाचायचं राहून जातं, म्हणून इथेच सांगते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४० च्या वर गेलं तर धोका सुरू झाला. ४१ म्हणजे जिवावर बेतलं. थांबत नसलेली धाप, घट्ट चिकट लाळ, लालभडक किंवा पांढरट हिरड्या, ओकारी, झोकांड्या, हाक मारल्यावर न कळणं, यातलं काहीही दिसलं तर राखून ठेवलेली बादली घ्या. पोट, काखा, जांघा, पंजे यांवर पाणी ओतत राहा आणि वर पंखा लावा. दुसऱ्याला पशुवैद्याला फोन करायला सांगा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. तो थोड्या वेळात गरम होतो आणि आतली उष्णता अडवून धरतो. बेशुद्धीत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. तापमान ३९.५ च्या आसपास आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते फार खाली जातं. आणि कुत्रा उठून उभा राहिला तरी दवाखान्यात न्याच. आतल्या अवयवांना झालेला त्रास नंतर वर येतो.

पग, बुलडॉग, शिहत्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धाप नीट टाकता येत नाही. त्यांच्यासाठी पुढच्या सगळ्या वेळा निम्म्या करा. म्हातारे, जाड आणि हृदयाचा आजार असलेले कुत्रेही याच गटात येतात.

## पायरी ३: पहाटेचं फिरणं, पण हुंगण्याचं

नागपुरात मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. आम्ही पाचला बाहेर पडतो आणि साडेसहाला घरात असतो. या वेळेत पळवापळवी नको. दोरी सैल सोडा, आणि ज्या झुडपाशी कुत्रा थांबेल तिथे त्याला हवं तितकं हुंगू द्या. लोक इथे घाई करतात, ओढत पुढे नेतात, आणि मग दुपारी म्हणतात की हा घरात शांत बसत नाही.

संध्याकाळी ऊन उतरलं म्हणजे रस्ता निवला, असं नसतं. डांबराला हाताची मागची बाजू लावून सात आकडे मोजा. हात काढावासा वाटला तर परत फिरा. नवतपात (मे अखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत) आमच्याकडे रात्री साडेआठच्या आधी ही परीक्षा क्वचितच पास होते.

## पायरी ४: जेवणाची थाळी बंद, शोध सुरू

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच आहे. कल्पना अगदी साधी. सकाळचं खाणं थाळीत द्यायचं नाही, नाकाने शोधून खायला लावायचं. खाणं कोरडं असेल तर सोपं. घरचं खाणं असेल तर पोळीचे नखाएवढे तुकडे, उकडलेल्या चिकनचे किंवा अंड्याचे तुकडे चालतात.

"शोध" हा शब्द असा शिकवा:

१. कुत्र्याच्या डोळ्यांदेखत एक तुकडा सतरंजीवर टाका. नाक खाली जाताच "शोध" म्हणा. आठ-दहा वेळा, बस्स.

२. दुसऱ्या दिवशी घरातल्या कोणाला तरी कुत्रा धरायला सांगा. तुकडा टेबलाच्या पायामागे ठेवा. त्याला दिसू द्या. मग सोडा आणि "शोध" म्हणा.

३. हे जमलं की त्याला दाराबाहेर ठेवून त्याच खोलीत तीन ठिकाणी तुकडे लपवा, तिन्ही जमिनीवरच.

४. नंतर खुर्चीच्या बैठकीवर, उशीखाली, मग शेजारच्या खोलीत.

नेहमीची चूक: सापडत नाही असं दिसलं की आपण बोट दाखवतो. दोन दिवसांत कुत्रा नाक वापरायचं सोडून आपल्या हाताकडे बघायला लागतो. मदत करायचीच असेल तर तुकडा जास्त सोप्या जागी हलवा आणि गप्प राहा.

दुसरी चूक: चपलांचं कपाट, कचऱ्याचा डबा, कूलरच्या आसपास किंवा कपाटाखाली लपवणं. मग तो रोज तिथे जाऊन उकरतो, आणि त्याला आपणच शिकवलेलं असतं.

दहा मिनिटांत थांबा, आणि शेवटचा तुकडा त्याला सापडू देऊन थांबा. चिंगी पहिल्या आठवड्यात तीन तुकड्यांनंतर निघून जायची. तेव्हा मी तीनच लपवायला लागले. आता ती पंधरा शोधते.

शोध पक्का झाला की सामानाची टोपली काढा, सोप्याकडून अवघडाकडे.

टॉवेलची गुंडाळी. टॉवेल पसरा, त्यावर मूठभर खाणं भुरभुरा, सैल गुंडाळा. पुढच्या वेळी घट्ट, त्याच्या पुढच्या वेळी सैल गाठ. कापड गिळणाऱ्या कुत्र्याला हा खेळ अजिबात नको. मोतीने पहिल्या उन्हाळ्यात टॉवेलचा काठ फाडून गिळला होता. तो तुकडा ओकारीतून बाहेर पडला म्हणून निभावलं. आतड्यात अडकला असता तर ऑपरेशनच करावं लागलं असतं.

इडलीपात्राचा खेळ. इडलीपात्राची एक ताटली घ्या, कडा धारदार नाहीत ना ते बोट फिरवून बघा. प्रत्येक खळग्यात दोन दाणे आणि वर टेनिसचा चेंडू. सुरुवातीला चारांतल्या एकाच खळग्यावर चेंडू ठेवा. खाली गोणपाट हवंच, नाहीतर ताटली घरभर सरकते आणि भित्रा कुत्रा त्या आवाजाने कायमचा बिचकतो. खेळ संपला की चेंडू उचलून ठेवा. चावत बसला तर त्यावरच्या खरखरीत लोकरीने दात झिजतात, आणि मोठा कुत्रा चेंडू फोडून गिळतो.

खोकं आणि ट्रे. अंड्यांच्या ट्रेमध्ये दाणे टाका, ट्रे खोक्यात, खोक्यात कागदाचे बोळे. मग फाडू द्या. पसारा होतो, झाडू मारावा लागतो. पण फाडणं ही त्याची गरज आहे. ती खोक्यावर भागली की उशा आणि चपला वाचतात. पुठ्ठा फाडून थुंकणाऱ्याला चालेल. खाणाऱ्याकडून लगेच काढून घ्या.

तपासा: कुत्रा भुंकायला लागला, पंजाने आपटायला लागला किंवा सोडून निघून गेला, तर खेळ त्याच्यासाठी अवघड झालाय. एक पायरी मागे या. पहिल्याच दिवशी सगळ्यात अवघड खेळ दिल्यामुळे "आमच्या कुत्र्याला असलं काही आवडत नाही" असं म्हणणारी निम्मी घरं तयार होतात.

दोन कुत्रे असतील तर वेगवेगळ्या खोल्या, दार बंद. एरवी कितीही गट्टी असली तरी लपवलेल्या खाण्यावरून जुंपते.

## पायरी ५: चाटणं आणि चावणं, बाराच्या सुमारास

नाकाचं काम झालं की चाटायला द्या. एकाच जागी बसून बराच वेळ चाटत राहिलं की कुत्रा निवांत होत जातो आणि तिथेच आडवा होतो. म्हणून हे झोपेच्या आधी हवं. लोक नेमकं उलटं करतात. सकाळीच गोठवलेलं खेळणं देऊन टाकतात आणि दुपारी हातात काही उरत नाही.

पोकळ रबरी खेळण्यात भरायला आमच्याकडे चालतं ते असं: मऊ भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन, त्यात त्याच चिकनचं पाणी; उकडून कुस्करलेला लाल भोपळा; साधं दही, साखर न घातलेलं; बिया आणि साल काढलेलं कलिंगड. खेळणं नसेल तर प्लॅस्टिकच्या डब्यात गोठवा आणि गोळा बाहेर काढून थाळीत द्या.

गोठवण्यातही पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी न गोठवता द्या. दुसऱ्या दिवशी नुसतं फ्रिजमध्ये गार करून. मग दोन तास फ्रीजरमध्ये ठेवून, अर्धवट घट्ट. हे सगळं पुरतं साफ करायला लागला की मगच रात्रभर गोठवलेलं. पहिल्याच दिवशी दगड हातात दिला तर तो हुंगून सोडून देतो.

सावधान: फ्रीजरमधून काढलेली स्टीलची वाटी तशीच पुढे ठेवू नका, ओली जीभ धातूला चिकटते. बर्फाचे मोठे टणक खडे चावायला देऊ नका, दात तुटतात. चुरा चालेल. शिजवलेली हाडं कधीच नकोत, त्यांच्या अणकुचीदार कपच्या होतात.

हे खेळात कुठेही येऊ देऊ नका: द्राक्षं, मनुका, बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट, कॉफी, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं काहीही. शेंगदाण्याचं बटर आणलं तर डब्यावरची घटकांची यादी वाचूनच भरा. फोडणीचं वरण आणि कालची खिचडी यांत कांदा-लसूण असतो, हे हमखास विसरलं जातं. आंब्याची फोड थोडी चालते, कोय नाही. मे महिन्यात कोयी कचऱ्याच्या डब्यात वरच पडलेल्या असतात आणि कुत्र्याने कोय गिळली की ती आतड्यात अडकते. डबा झाकणाचा ठेवा.

## पायरी ६: दुपारची झोप मोडू नका

मोठा कुत्रा दिवसातले निम्मे तास सहज झोपतो, म्हातारा त्याहून जास्त. साडेबारा ते चार आमच्या घरात काहीही खेळ नसतो. कंटाळला असेल म्हणून उठवून खेळवणं हा प्रेमातून होणारा त्रास आहे, आणि नीट न झोपलेला कुत्रा संध्याकाळी चिडचिडा होतो. मुलांना सुट्टी असते, त्यांना हे आधीच समजावून सांगा.

लेझरचा लाल ठिपका पळवायची हौस सोडून द्या. तो हाती कधीच लागत नाही. काही कुत्र्यांना मग भिंतीवरचा प्रत्येक कवडसा पकडायचं वेड लागतं आणि ते सुटता सुटत नाही.

## पायरी ७: संध्याकाळचा अर्धा तास

चार-पाचच्या सुमारास कुत्रे पुन्हा उठतात. बाहेर अजून धग असते. या वेळी दोनपैकी एक करा.

पाच मिनिटांचं शिकवणं. चटईवर जाऊन बसणं, हाताला नाक लावणं, खेळण्याचं नाव ओळखून तेच आणणं. पाच मिनिटं, मग विश्रांती, मग पुन्हा पाच मिनिटं. एका बैठकीत एकच गोष्ट.

बाथरूममध्ये पाणी. बाल्कनीत टब ठेवला तर तिथली फरशी तापलेली असते, म्हणून बाथरूममध्येच. पसरट टबात पंजे बुडतील इतकं पाणी आणि त्यात गाजराचे चार-पाच तुकडे. लॅब्रेडॉरला यापुढे काही सुचत नाही. पण पाच मिनिटांत उरका. तोंड घालून घालून पाणी पोटात जास्त गेलं तर तेही बाधतं. नंतर लोंबते कान आतून कोरडे करा, नाहीतर आठवड्याभरात कान फुटतो.

अंग पुसताना केसांत बोटं फिरवून गोचीड बघून घ्या, विशेषतः कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यांत. उन्हाळ्यात त्या फार वाढतात. आणि केस विंचरा, पण लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, हस्की यांचं अंग भादरू नका. त्यांचा दुहेरी कोट ऊनही अडवतो.

## घरी कोणी नसेल तेव्हा

टॉवेल, खोकं, चेंडू, चघळायच्या वस्तू यांतलं काहीही एकट्या कुत्र्यापाशी ठेवू नका. फार तर आधी अनेकदा नजरेसमोर वापरलेलं, न तुटणारं रबरी खेळणं.

खरी भीती लाईट जाण्याची असते. एसीच्या भरवशावर खोली बंद करून गेलात आणि एकला लाईट गेली, तर थोड्याच वेळात ती खोली भट्टी होते. म्हणून कुत्र्याला एका खोलीत कोंडू नका. बाथरूमचं दार उघडं राहील असं खुंटीला बांधा, कमोडचं झाकण आणि फिनाईलची बाटली मात्र बंद. पाण्याची भांडी दोनाऐवजी तीन भरा. घराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे द्या आणि लाईट गेली की तुम्हाला फोन करायला सांगा. दुपारी आमचं दार उघडून कुत्र्याला खालच्या मजल्यावर, स्वतःच्या घरात नेऊन ठेवायची तयारी असलेले शेजारी आम्हाला मिळाले आहेत. पण मोती त्यांच्या घरी बिचकू नये म्हणून एप्रिलमध्येच दोन-तीन दुपारी आम्ही त्याला तिथे बसवून आलो होतो.